खोडायचं राहिलेलं आठवं कलम

शनिवार, १२ सप्टेंबर १९९८. सकाळचे साडेदहा.

हजर: १. ज्यांच्यासाठी सगळे आले ते. वय पंचेचाळीसच्या आसपास, धंदा मेंढरं. २. त्यांची बायको. ३. धाकटा भाऊ. ४. मेहुणा. ५. चुलती. ६. शेजारी, शहराची माहिती आहे म्हणून. ७. जीपवाला, आपणहून आत येऊन बसलेला. शिवाय मी. बाहेर पडवीत माझे वडील, अण्णा.

वहीत हे असंच लिहिलेलं आहे. मला यादी केल्याशिवाय काही सुचत नाही. लग्नात रुखवताची यादी मीच केली होती आणि माझी सासू ती पाहून म्हणाली होती, "ही सून आहे का तलाठी?" त्या दिवशीही मी यादीच केली. त्या मेंढपाळाच्या घरच्यांना आठ कलमांचा एक कागद लिहून दिला. त्यातल्या चौथ्या कलमामुळे त्यांच्या हातातली काठी गेली आणि आठव्यामुळे सख्ख्या भावाशी असलेलं बोलणं गेलं. काठीचं मला तीन आठवड्यांत कळलं, म्हणून ती परत देता आली. बोलण्याचं कळायला सात वर्षं लागली.

हे लिहिताना गावाकडच्या काही खुणा मी बदलल्या आहेत. कागद मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

मी औरंगाबादला मानसशास्त्र शिकले, तिथेच दोन वर्षं समुपदेशनाचं काम केलं आणि लग्न होऊन हिंगोलीत आले. सोमवार ते गुरुवार एका डॉक्टरांच्या दवाखान्यातली मागची खोली आणि शनिवारी आमच्या घरातली पुढची. गोळ्या मी देत नाही. गरज वाटली तर नांदेडच्या मानसोपचार डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. सुरुवातीला लोकांना हे प्रकरण काय आहे तेच कळायचं नाही. दवाखान्याच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या ते मी दाराआडून ऐकलं होतं.

"सुई न्हाई, गोळी न्हाई, बाटली न्हाई. मंग या बाई कशाच्या?"

"बोलायच्या."

"बोलायला तर माझी जाऊ बी आहे. ती फुकट बोलती."

मला हे पटलं होतं. जावेपेक्षा आपण वेगळं काय करतो, हे सांगता आलं पाहिजे असं ठरवून मी कागद द्यायला सुरुवात केली. कागद हातात पडला की माणसाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. शिवाय औरंगाबादेत मला तसंच शिकवलं होतं, की दिवसाचं वेळापत्रक द्या, छोटी छोटी कामं द्या. माझे कागद नीट असायचे. अक्षर मोठं, ओळीत अंतर, प्रत्येक कलमासमोर खूण करायला चौकोन.

आमच्याकडे एकटं कुणी येत नाही. जीप भरून येतात. आणि ज्याला त्रास आहे तो सोडून बाकीचे सगळे बोलतात. त्या शनिवारीही तसंच झालं. मेंढपाळ भिंतीकडे तोंड करून बसले होते, मांडीवर घोंगडं, घोंगड्यावर आडवी काठी. काठीच्या मुठीचा भाग हाताच्या घामानं काळा आणि गुळगुळीत झालेला. चुलती म्हणाली, याला नजर लागली. मेहुणा म्हणाला, नजर नाही, डोक्यात गरमी. शेजाऱ्यांनी सांगितलं की हे शॉक देऊन बरं होतं, त्यांच्या पाहण्यात आहे. जीपवाल्यानेही एक मत दिलं, ते मी लिहून घेतलं नाही.

धाकट्या भावाने मात्र सरळ सांगितलं. हे डोंगरकड्याच्या बाजूचं कुटुंब. दिवाळी झाली की थोरला मेंढरं घेऊन निघतो, पावसाळ्याच्या तोंडावर परततो. मागच्या चैत्रात तो पूर्णेच्या काठाला असताना इकडे आई वारली. निरोप पोचायला तीन दिवस लागले. तो आला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तो काही बोलला नाही, परत गेला, मेंढरं घेऊन वेळेवर आला. आणि आल्यापासून बसून आहे. झोप नाही, जेवण नावाला. मेंढरांमागे जातो, पण एका बांधावर बसतो आणि संध्याकाळपर्यंत उठत नाही.

"दिवाळीला निघायचंय, बाई. दादा असा राहिला तर मेंढरं कुणामागं चालतीन?"

मी थोरल्यांना विचारलं, "किती मेंढरं आहेत तुमची?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मोजत न्हाई आमी."

"मग सगळी आली की नाही हे कसं कळतं?"

"मोजलं तर आकडा बराबर येतो. पण त्यात दुसऱ्याचं एखादं घुसलेलं असतं आन आपलं एक मागं राहिलेलं. कोण न्हाई आलं, ते पाहावं लागतं."

त्या दिवशी ते इतकंच बोलले. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं, पण त्याचा उपयोग मला पुष्कळ उशिरा झाला. त्या वेळी मला घाई होती. पुढच्या खेपेची दुसरी जीप दारात येऊन उभी होती.

मी थोरल्यांना आणि बायकोला बाहेर पडवीत बसवलं. अण्णांनी त्यांना पाणी दिलं. चुलती आणि बाकीचे पाय मोकळे करायला गेले. आत राहिले धाकटा भाऊ आणि मेहुणा. त्यांच्यासमोर मी कागद लिहिला. झोपायची वेळ, नांदेडच्या गोळ्या, चहा दोनच वेळा, असं तिसऱ्या कलमापर्यंत आले. चौथं लिहिलं: मेंढरांचं काम महिनाभर पूर्ण बंद, ती जबाबदारी भावाने घ्यावी. मला वाटलं, दमलेल्या माणसाला सुट्टी हवी. माझे वडील कारकून, सासरे मास्तर, नवरा मास्तर. आमच्याकडे माणूस आजारी पडला की पहिला अर्ज रजेचा असतो.

लिहिता लिहिता मी म्हणाले, "आणि ती काठीही काढून ठेवा. समोर असली की कामाची आठवण येत राहते."

धाकटा म्हणाला, "काठी बी?"

"हो, काठीसुद्धा."

त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने माझ्या पेनकडे पाहिलं. मी ते कलमात घातलं.

आठवं कलम होतं: हे सगळं बाईंनी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नये. यामागेही विचार होता. बंधनं मी घातली असं कळलं तर ते पुढे माझ्याशी मोकळं बोलणार नाहीत, असं माझं गणित. कडू गोष्ट घरच्यांनी करावी, म्हणजे माझी खोली गोड राहील. आज वाचलं की हे किती सोयीचं होतं ते दिसतं. धाकट्याने कागदाच्या चार घड्या घातल्या, तो टोपीत ठेवला आणि मला नमस्कार केला.

त्या काळातलं माझं घर सांगते, म्हणजे घरातही मी तेच कसं करत होते ते कळेल.

माझी आई गेली त्या वर्षी मी अण्णांना कळमनुरीहून आमच्याकडे आणलं होतं. तहसील कचेरीत तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. घरात रोज बाजाराची पिशवी त्यांच्या हातात, दळण ते आणणार, रॉकेलच्या रांगेत ते उभे राहणार. माझ्याकडे आल्यावर मी सांगितलं, "अण्णा, आता तुम्ही फक्त आराम करायचा." पिशवी खिळ्यावरून काढून मी कपाटात ठेवली. त्यांच्यासाठी एक यादी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवली: सहाला चहा, सातला फिरणं, आठला आणि बाराला रक्तदाबाची गोळी. अण्णा ती यादी तंतोतंत पाळत. सातला बाहेर पडत आणि साडेसातला परत. मग पडवीतल्या खुर्चीवर दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसत. मला वाटायचं, वडील किती समाधानी आहेत.

माझे काही नियमही होते. संध्याकाळी सहानंतर कामाचं बोलायचं नाही. लग्नकार्यात कुणी सल्ला विचारला तर 'शनिवारी या' इतकंच म्हणायचं. हळदीकुंकवाला एकीने वाणाचं ताट हातात देता देता विचारलं होतं, "माझा नवरा बोलतच नाही, काय करू?" मी म्हटलं, शनिवारी या. ती म्हणाली, "शनिवारी तर तो घरी असतो." घरात मी कुणाचं समुपदेशन करायचं नाही, हाही नियम. नवऱ्याने तो कागदावर लिहून मागितला होता. सही करून दिला.

शनिवार, ३ ऑक्टोबर. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. हजर: थोरले, त्यांची बायको, धाकटा भाऊ, जीपवाला. थोरल्यांना दोघांनी धरून आणलं होतं. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली, आणि दोन्ही हात मांडीवर उलटे, तळवे वर.

बाहेर धाकट्याने टोपीतून कागद काढून दाखवला. आठही चौकोनांत खुणा होत्या. शाळेतल्या मास्तरांकडून रोज वाचून घेत होते आणि रोज खुणा करत होते, त्यामुळे चौकोन शाईने गच्च भरले होते. माझ्या आजवरच्या कामात इतका पाळला गेलेला कागद दुसरा नाही. थोरल्यांना पक्क्या खोलीत खाटेवर, पंख्याखाली झोपवत होते. मेंढरं धाकटा नेत होता.

"सगळं बराबर केलं, बाई. तरी दादा खालीखालीच जाऊन राहिला."

मी थोरल्यांना एकटं आत घेतलं. मग त्यांनी विचारलं:

"बाई, मी मेलो कवा?"

मी म्हटलं, "असं का वाटतं?"

"माझी काठी घेतली. जित्या माणसाची काठी कुणी घेती का? माझ्या बापाची मी घेतली ती त्याला पोचवून आल्यावर. धाकट्यानं माझ्या खाटेजवळून उचलली. काही बोलला न्हाई. म्या झोपल्यावानी केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "आईच्या टायमाला मी न्हवतो. माझ्या टायमाला समदे हजर आहेत. बरं झालं."

ते मला हे सांगत होते, आणि काठी घ्यायला सांगणारी मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. बोलायला हवं होतं. मी पाणी दिलं. ते माझ्याशी बोलायला लागलेत, आता हे सांगितलं तर बंद होतील, हा विचार मी त्या क्षणीसुद्धा केला. विचार पूर्ण चुकीचा नव्हता. पण त्यात माझी सोयही होती.

बाहेर येऊन मी धाकट्याकडून कागद मागितला आणि चौथं कलम खोडलं. एकदा नाही, तीन रेघा मारल्या. "काठी आजच्या आज परत द्या. मेंढरांमागे त्यांनाच जाऊ द्या. बांधावर बसू देत, दिवसभर बसू देत, पण जाऊ द्या. गोळ्या मात्र चालू."

धाकट्याचा चेहरा असा मोकळा झाला की मला लाज वाटली. "म्या त्या दिवशी विचारलं होतं, काठी बी का म्हून."

"विचारलं होतं तुम्ही."

"तवा तुमी लिवून राहिल्या होत्या."

कागद पुन्हा टोपीत गेला. जीप गेली. मी आत आले तर अण्णा पडवीत बसलेले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी तिथेच थांबले. मग कपाटातून पिशवी काढून त्यांच्यासमोर धरली.

"अण्णा, मेथी आणता का? दोन जुड्या."

त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. "माझी गोळीची वेळ आहे."

"गोळी घेऊन जा."

"तुझ्या यादीत मेथी नाही," ते म्हणाले, पण चपला शोधायला लागले होते. दीड तासाने परत आले. मेथीच्या दोन जुड्या, एक अर्धा किलो वांगी आणि भाजीवालीच्या तीन पिढ्यांची माहिती घेऊन. दारावरची यादी त्यांनी स्वतः काढली आणि पाठची कोरी बाजू हिशोबाला ठेवली.

दिवाळीनंतर थोरले मेंढरं घेऊन निघाल्याचा निरोप आला. धाकट्याने काठी हातात द्यायचा प्रयत्न केला होता, ती त्यांनी त्याच्या हातून घेतली नाही. जमिनीवर ठेव म्हणाले. बायकोने उचलून दिली. मला यात रीत दिसली, राग दिसला नाही. पुढच्या पावसाळ्यात थोरले दोनदा येऊन गेले. जेवत होते, झोपत होते, नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. आईविषयी बोलले, रडलेही. भावाविषयी मी विचारलं नाही. वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पान उलटलं.

माझं काम मात्र बदललं. कागद देणं मी जवळजवळ बंद केलं. त्याऐवजी दोन प्रश्न आले. पहिला थोरल्यांकडून घेतलेला: आज कोण नाही आलं? सात जण आले असतील तर आठवा कुठे आहे, आणि आलेल्या सातांत दुसऱ्याचं कोण घुसलंय. दुसरा: यांच्या हातात एरवी काय असतं? याची उत्तरं मी जपून ठेवली आहेत. "लाटणं." "बिडी." "शेजाऱ्याचं लेकरू." एका बाईने आपल्या नवऱ्याकडे बघत सांगितलं, "काहीच नसतं, तोच तर आजार आहे."

हजेरी घ्यायचं काम मी अण्णांना दिलं. मी आतलं काही त्यांना सांगत नाही आणि ते विचारत नाहीत; कचेरीतल्या माणसाला गोपनीय म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पडवीत टेबल, त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर. हजर आणि गैरहजर असे दोन रकाने त्यांनीच आखले. शेरेही घालू लागले. 'मेहुणे, विनाकारण.' 'आत्या, सर्व प्रश्नांची उत्तरे स्वतः देतात.' मी म्हटलं, अण्णा, शेरे नकोत. ते म्हणाले, "शेऱ्याशिवाय हजेरी म्हणजे नुसती मोजणी." शेरे चालू राहिले.

शनिवार, २८ जानेवारी २००६. हजर: एक बाई, तिचा नवरा, तिची आई, आणि वाट माहीत असलेला माणूस म्हणून सोबत आलेले धाकटे. केस पांढरे झालेले, पण टोपी तीच वाटली. त्या बाईचं काम आत चाललं तेव्हा ते अण्णांसमोर बसले होते. अण्णांनी सवयीने विचारलं, "आणि कोण नाही आलं?"

हा प्रश्न आलेल्या कुटुंबासाठी होता. धाकट्यांनी तो स्वतःसाठी घेतला. म्हणाले, "दादा."

मी बाहेर आले तेव्हा अण्णा पेन खाली ठेवून बसले होते. ते म्हणाले, "बस जरा. हे काय सांगतात ऐक."

धाकटे सांगत होते ते असं. सात वर्षं थोरला त्यांच्या घरी पाणी पीत नाही. समोर आला तर मेंढराला बोलल्यासारखं बोलतो, तोंडाकडे न पाहता. धाकट्याने आपण जिवंत असताना काठी उचलली, मेंढरं आपल्या नावावर करायला बघत होता, बाईंनी वेळेवर समजावलं म्हणून परत दिली, अशी थोरल्याची समजूत. येत्या वैशाखात धाकट्यांच्या मुलीचं लग्न. घरात थोरला तोच. तो मांडवात आला नाही तर पोरीला हळद कुणाच्या हातची लागणार?

मी विचारलं, "पण तुम्ही त्यांना सांगितलं नाही, काठी घ्यायला मी सांगितलं होतं म्हणून?"

त्यांनी टोपी काढली. आतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद निघाला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कलमं तोंडपाठ होती. त्यांनी बोट ठेवलं.

"तुमी चार नंबर खोडला, बाई. आठ न्हाई खोडला."

मी कागद पाहत राहिले. तीन रेघा मारलेलं चौथं, आणि खाली माझ्या नीट, मोठ्या अक्षरातलं आठवं. त्याच्यासमोरचा चौकोन शाईने भरलेला.

"सात वर्षं?" मी म्हटलं. "अहो, ते महिन्याभरासाठी होतं."

"तसं लिवलेलं न्हाई." तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात. "आन दादा बरा झाला ना. तुमचं नाव सांगितलं असतं तर तो तुमच्याकडं आला नसता परत. मंग म्हणलं, माझ्याशी न का बोलंना, पण बोलून तर राहिला कुणाशी."

अण्णांनी रजिस्टर बंद केलं. मला म्हणाले, "अर्धा हुकूम रद्द केला की उरलेला अर्धा चालू राहतो. एवढं तुला कळायला हवं होतं." तीस वर्षांत साहेबांना जे बोलता आलं नाही ते मला दोन वाक्यांत मिळालं.

मी आठवं कलम खोडलं. तारीख घातली, सही केली. "आता सांगा त्यांना."

धाकटे हसले. "आता? सात वर्षांनी कागद दाखवला तर दादा म्हणल, पोरीचं लगीन आलं म्हून बाईवर ढकलून राहिला. त्याला बी वाचता येत न्हाई. तुमालाच सांगावं लागंल."

ते बरोबर होतं. नवऱ्याने फोन सुचवला. मेंढरांबरोबर चालणाऱ्या एका चुलतभावाकडे आता मोबाईल होता. पण 'तुमच्या भावाची सात वर्षं माझ्यामुळे गेली' हे रेंज येते-जाते अशा फोनवर ओरडून सांगायचं नाही, हे मी ठरवलं. समोर बसून सांगायचं. यादीत लिहिलं.

पहिल्या खेपेला, फेब्रुवारीत, मी वारंगा फाट्याच्या एका हॉटेलवाल्याकडे निरोप ठेवला. सगळे मेंढपाळ तिथे चहा घेतात. निरोप साधा होता: हिंगोलीच्या बाई भेटायला येणार आहेत, तळ कुठे आहे ते कळवा. आठवड्याने गेले तर हॉटेलवाला म्हणाला, "पोचला ना निरोप. त्याच दिवशी तळ उचलला त्यांनी."

"का?"

"म्हणले, बाई पुन्हा कागद घेऊन येऊन राहिल्या. मी चांगला आहे म्हणा."

नवरा स्कूटरवर बसून इतका हसला की त्याला चहा पुन्हा मागवावा लागला. मीही हसले. परतताना मात्र ते पुन्हा आठवलं. माझ्या नावाने तो माणूस मेंढरं हाकत पुढे निघून जातो, याच्यात हसण्यासारखं अर्धंच होतं.

दुसऱ्या खेपेला मी निरोप न ठेवता गेले. कळमनुरीच्या पुढे एका शेतात मेंढरं बसवली आहेत असं कळलं होतं. शेत सापडलं, थोरले नव्हते. ते तळ दोन दिवसांपूर्वी सोडून गेले होते. शेतकरी खुश होता. "खत मस्त बसलं," म्हणाला आणि मला लेंड्या पसरलेलं सगळं वावर फिरून दाखवलं.

तिसऱ्या खेपेला अण्णा म्हणाले, मी येतो. वय ब्याऐंशी, गुडघे दुखतात, पण पिशवी घेऊन जीपमध्ये पुढे बसले. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या बाजूने तळ आहे अशी पक्की खबर होती. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कालव्याच्या बांधावर तीन दगडांची चूल होती, राख वरून गार, आत हात घातला तर कोमट. मेंढरं कोंडायची जाळी ठोकलेल्या खुंट्यांची भोकं ओली. मासे धरणारा एक जण जाळं झटकत होता, तो म्हणाला, "दुपारच्याला निघाले. तिकडं." त्याने हात केला त्या दिशेला तीन वाटा होत्या. अण्णांनी पिशवीतून रजिस्टर काढलं. ते त्यांनी आणलंय हे मला माहीत नव्हतं. बांधावर बसून त्यांनी तारीख घातली, हजरच्या रकान्यात आम्हा दोघांना लिहिलं, आणि गैरहजरच्या रकान्यात 'थोरले'. शेरा लिहिला नाही.

परत येताना मी त्यांना म्हटलं, "मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"कोणत्या दिवशी?"

"मी मेलो कवा, असं त्यांनी विचारलं त्या दिवशी."

अण्णांनी मांडीवरची पिशवी नीट ठेवली. मग म्हणाले, "माझी पिशवी तू दिलीस तेव्हा तरी कुठे सांगितलंस, की चुकलं म्हणून?"

जीपवाला पुढे पाहून गाडी चालवत होता. मी म्हटलं, "चुकलं, अण्णा."

"हां," ते म्हणाले. "मेथी संपलीय घरातली. औंढ्याला थांब."

आज एप्रिलचा दुसरा शनिवार आहे. सकाळी कामं संपवून मी उद्याची यादी केली. गॅसचा नंबर लावणे. अण्णांच्या डोळ्यांचे थेंब. मुलीच्या वसतिगृहाचा फॉर्म. नांदेडच्या डॉक्टरांना दोन चिठ्ठ्या. चुलतभावाच्या फोनवरून असं कळलं आहे की मेंढरं आता माघारी वळली आहेत आणि दोन-तीन दिवसांत वारंगा फाट्याच्या आसपास येतील. या वेळी हॉटेलवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, माझं नाव घ्यायचं नाही. लिहिताना लक्षात आलं की हे पुन्हा आठवं कलमच झालं. म्हणून त्याला परत फोन केला आणि म्हटलं, नाव घ्या. बाई येणार आहेत, कागद आणणार नाहीत, त्यांचं काहीतरी चुकलंय ते सांगायला येणार आहेत, असं सांगा.

तो म्हणाला, "एवढं लांब कोण सांगल, बाई? थोडक्यात सांगा."

"बाईंचं चुकलंय, इतकंच सांगा."

लग्नाला एकवीस दिवस आहेत. धाकट्यांकडे मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या आहेत. यादीत सगळ्यात वर लिहिलं आहे: थोरल्यांना समोर बसून सांगणे. पुढचा चौकोन रिकामा आहे.